जुनी सायकल, हलका गिअर : ठाणे ते कल्याण, पुलांच्या वाटेने

ठाण्याचा नौपाडा, डोंबिवलीचे टिळकनगर किंवा कल्याणचा पारनाका अशा एखाद्या जुन्या वस्तीतील इमारतीच्या जिन्याखाली आजही काळी, भरभक्कम सायकल उभी असलेली आढळते. सीटचे कातडे भेगाळलेले असते, टायर जमिनीला टेकलेले असतात, ब्रेकच्या सळ्यांवर गंज चढलेला असतो. पण चौकट सरळ असते. सोसायटीची रंगरंगोटी निघाली की प्रश्न उभा राहतो : ही भंगारवाल्याला देऊन टाकायची का? घरातील तरुणांच्या लेखी ती अडगळ असते. नेमक्या अशा वेळी घरातील सत्तरीचे गृहस्थ म्हणून जातात, “देऊ नका. दुरुस्त करून घेतो, सकाळी फेरी मारत जाईन.” त्यानंतर घरात जो वाद होतो, त्या वादातील दोन्ही पक्षांसाठी हा लेख आहे.

सायकल दुरुस्त होते, यात शंका नाही. आपल्या सायकलच्या दुकानांत ओव्हरहॉलिंगला सर्रास ‘ओव्हरऑयलिंग’ म्हणतात. ते केले, छर्रे बदलले, चाकांचा आऊट काढला, की ती पूर्वीसारखी चालू लागते. पण पूर्वीसारखी चालणे आता पुरेसे नाही. तिच्याभोवतीची शहरे बदलली आहेत आणि तिच्यावर बसणारे गुडघेही. म्हणून चौकट तीच ठेवून चाके, गिअर आणि ब्रेक यांत कोणते बदल करावेत, हे आधी ठरवावे लागते.

सपाट गावांत आलेले चढ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. पुढे या मार्गालगत नोकरदारांची वस्ती वाढत गेली आणि तिच्यासोबत सायकल आली. घर ते स्टेशन सायकलने जायचे, स्टेशनजवळच्या सायकल स्टँडवर ती ठेवायची आणि लोकल पकडायची, हा अनेक घरांचा दिनक्रम होता. मुंबईत वरळीलाच हिंद सायकल्सचा कारखाना होता. त्याशिवाय आसनसोलची सेन-रॅले, सोनिपतची ॲटलास, लुधियानाची हीरो अशा सायकली घरोघरी असत. त्यांपैकी बहुतेकींना गिअर एकच, आणि तो पुरत असे. कारण खाडीकाठचा हा मुलूख बराचसा सपाट होता. ठाण्याचा मासुंदा तलाव आणि कोपिनेश्वराचा परिसर, डोंबिवलीत स्टेशनपासून गणेश मंदिराकडे जाणारा फडके रोड, कल्याणात दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडीकडे जाणारा रस्ता, या वाटांवर जोर लावून चढावे असे फारसे काही नाही.

आज त्याच वाटांवर चढ आले आहेत, आणि ते निसर्गाने आणलेले नाहीत. ही शहरे लोहमार्गामुळे वाढली. पुढे त्याच लोहमार्गाने त्यांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. डोंबिवलीत एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचे तर कोपर पूल किंवा ठाकुर्लीचा पूल चढावा लागतो. कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्री पूल २०१८ मध्ये पाडला गेला आणि त्याच्या जागी उभारलेला नवा पूल २०२१ मध्ये खुला झाला. ठाण्यात कोपरीचा रेल्वेपूल आहे. नौपाड्यात गोखले मार्गावर तर उड्डाणपूलच झाला आहे. सुदैवाने त्याच्याखालून जाता येते. आणि निसर्गाचाच चढ हवा असेल त्यांच्यासाठी उपवन तलावापलीकडे येऊरचा डोंगर आहेच. सकाळी तेथे चढणाऱ्या तरुण सायकलस्वारांची रीघ असते.

मोटारीला असा पूल जाणवतही नाही. एकाच गिअरच्या जड सायकलवर बसलेल्या सत्तरीच्या माणसाला तो छातीत आणि गुडघ्यात जाणवतो. त्यामुळे नव्या सामानाचा विचार येथूनच सुरू करावा : तुमच्या रोजच्या वाटेवर सर्वांत मोठा चढ कोणता आहे?

गिअरचे साधे गणित

जुन्या काळ्या सायकलला पुढे साधारण ४४ दात्यांचे चक्र आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असते. तुमच्या सायकलचे दाते एकदा खडूने खूण करून मोजून घ्या. ४४ ला १८ ने भागले की सुमारे २.४४ येतात, म्हणजे पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक जवळजवळ अडीच फेऱ्या फिरते. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे सुखाचे असते. पुलाच्या चढावर वेग ताशी ८ किलोमीटरवर आला, की पाय मिनिटाला फक्त २४ फेऱ्या मारतात, आणि प्रत्येक फेरीत सारा जोर गुडघ्याच्या वाटीमागे एकवटतो. दुखऱ्या गुडघ्याला सावकाश व जड पायडल मारणे सोसत नाही; हलके आणि थोडे भरभर मारलेले पायडल सोसते. सपाटीवर मिनिटाला साठ फेऱ्यांच्या आसपास पाय सहज फिरत असतील, तर गिअर बरोबर आहे असे समजावे.

सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २० किंवा २२ दात्यांचे बसवणे. गरज पडल्यास साखळीला एखादी कडी जोडावी लागते. २२ दात्यांवर एका फेरीत सायकल सुमारे साडेचार मीटर जाते. पूर्वी चढावर पायाला १०० भाग जोर लागत असेल, तर आता ८२ भाग लागतो. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तरी वेग ताशी १६ किलोमीटर मिळतो, आणि सकाळच्या फेरीला त्याहून अधिक वेगाची गरजही नसते. अनेकांचे काम एवढ्यावरच भागते.

रोज पूल ओलांडायचा असेल तर मागच्या चाकात तीन गिअरचा हब बसवून घ्यावा. त्याची दातेरी चक्रे हबच्या पोटात बंद असतात, बाहेर फक्त एक साखळी आणि हँडलवर एक खटका. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९०२ साली असा हब आणला. आता शिमानोचेही असे हब मिळतात. त्यातील मधला गिअर सरळ चालतो, हलक्या गिअरमध्ये जोर सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो आणि जड गिअरमध्ये सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. २२ दात्यांच्या चक्रासह हलका गिअर वापरला, तर मूळच्या १०० भागांऐवजी साधारण ६१ भाग जोर पुरतो. ताशी ८ किलोमीटरच्या त्याच चढावर पाय २४ ऐवजी ४० फेऱ्या मारतात.

ज्येष्ठांच्या दृष्टीने या हबचा आणखी एक मोठा गुण आहे. सायकल उभी असतानाही त्याचा गिअर बदलता येतो. सिग्नलला अचानक थांबावे लागले, तर पुन्हा निघताना हलका गिअर लावून सावकाश निघता येते. तरुणांच्या सायकलींना साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर असतात. ते पायडल फिरत असतानाच बदलावे लागतात. शिवाय त्यांचे हब १३० किंवा १३५ मिलिमीटर रुंद असतात आणि जुन्या सायकलच्या मागच्या चिमट्यातील जागा बहुधा ११० ते १२० मिलिमीटर असते. पोलादी चौकट थोडी फाकवता येते, हे खरे. पण ती दोन्ही बाजूंना सारखी फाकवली नाही तर चाक तिरके बसते. हे काम हाताने ओढूनताणून करू देऊ नका.

आणि गिअर लावणे म्हणजे म्हातारपण कबूल करणे, असे काहींना वाटते. तसे वाटून घेणारे तुम्ही पहिले नाही. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू करणारे आंरी देग्रांज यांचेही मत असेच होते की, बदलते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक. साखळी सरकवणाऱ्या गिअरांना त्या शर्यतीत १९३७ पर्यंत वाट पाहावी लागली. आज गिअरवाचून त्या शर्यतीत कोणी उतरत नाही.

चाके बदलताना ब्रेकचा विचार आधी

नवी ॲल्युमिनियमची चाके हलकी असतात, गंजत नाहीत आणि दिसतातही छान. पण दुकानात जाऊन ‘नवी चाके घाला’ एवढेच सांगितले तर गोंधळ होतो. जुन्या टायरवर २८ × १½ लिहिलेले असेल, तर त्याच्या रिमचा मापदंड ६३५ मिलिमीटर असतो. नव्या, ७०० सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाकांचा ६२२ असतो. नवे चाक त्रिज्येने साडेसहा मिलिमीटर लहान. फरक बोटाच्या पेराहूनही कमी, पण तेवढ्याने ब्रेकचे रबर रिमवर टेकायचे चुकते.

मोठी अडचण वेगळीच आहे. सळ्यांच्या ब्रेकचे रबर रिमच्या बाजूंवर दाबत नाही. ते आतून, म्हणजे तारांच्या बाजूने वर ओढले जाऊन रिमवर टेकते. त्यासाठी रिमला आतून विशिष्ट गोलाई लागते. नव्या सपाट रिमवर हे ब्रेक चालत नाहीत. त्यामुळे नवी रिम घेतली तर ब्रेकही बदलावेच लागतात.

जुनी पोलादी रिमही निर्धोक नाही. चकचकीत पोलाद ओले झाले की रबर त्यावर घसरते आणि ब्रेक लागेपर्यंत सायकल बरीच पुढे गेलेली असते. आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा, आणि पुलाला चढ असतो तसा उतारही असतो. म्हणून खर्चाला प्राधान्य द्यायचे असेल तर आधी ब्रेकवर करा, मग गिअरवर आणि शेवटी दिसण्यावर. हबच्या आत बसणारा ड्रम ब्रेक ज्येष्ठांसाठी उत्तम. तो पावसात भिजत नाही आणि रिमच्या मापाशी त्याला कर्तव्य नसते. त्यामुळे ६२२ चे नवे चाक निर्वेधपणे बसवता येते. मात्र त्याचा आधाराचा दांडा फोर्कला पक्का बांधला आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. तो सुटला तर एक्सल फिरते आणि ब्रेक निकामी होतो.

याहून लहान, २६ × १⅜ ची चाके घातली तर सीट जमिनीपासून दोन सेंटिमीटरहून अधिक खाली येते. पाय टेकायला ते सोयीचे. पण पायडलही तेवढेच खाली येते आणि वळणावर जमिनीला घासू शकते. म्हणून दुकानदाराला सायकल वाकवून दाखवायला सांगा.

टायर मात्र अरुंद घेऊ नका. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा टायर पेव्हर ब्लॉकच्या सांध्यात अडकत नाही, खड्ड्याचा धक्का मणक्यापर्यंत कमी पोहोचवतो, आणि गटाराच्या जाळीवरून जाण्याची वेळ आलीच तर अरुंद टायरपेक्षा सुरक्षित असतो. हवा टायरवर लिहिलेल्या मर्यादेत, पण अगदी कमालीची नको.

जे बदलता येत नाही

चाके, गिअर, ब्रेक, सीट, हँडल हे सारे बदलता येते. चौकटीची उंची आणि तिचा आडवा दांडा बदलता येत नाहीत. ज्येष्ठांच्या बाबतीत धोका पुष्कळदा चालत्या सायकलपेक्षा चढण्या-उतरण्याच्या त्या दोन क्षणांत असतो. मागून पाय टाकून टांग मारण्याची सवय चाळीस वर्षांची असली, तरी आज नितंबाचा सांधा तेवढा उघडतो का, हे तपासावे लागते. भिंतीशेजारी उभ्या सायकलवरून दांडा न खरवडता पाय पलीकडे जात नसेल, तर त्या सायकलवर नव्या सामानाचा खर्च करू नका. जुन्या काळी ‘लेडीज सायकल’ म्हणून मिळणारी, खाली उतरत्या दांड्याची चौकट घ्या आणि तिच्यावर हेच हब, हीच चाके बसवा. ती स्त्रियांचीच असते हा समज सोडलेला बरा.

सीटची उंची ठरवताना दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. तो फार वाकला तर दुखतो. त्याच वेळी सीटवर बसून दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. दोन्ही साधत नसेल, तर जमिनीला पाय टेकण्याला प्राधान्य द्या.

आता बसणाऱ्याची तपासणी. छातीत दुखणे, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, चक्कर, फिट्स, कंपवात, ठिसूळ हाडे, मोतीबिंदू किंवा बाजूचे कमी दिसणे यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. गुडघ्याचे रोपण झाले असेल, तर गुडघा पायडलच्या फेरीपुरता वाकतो का, हे फिजिओथेरपिस्ट सांगतील. घरी दोन साध्या गोष्टी करून पाहा, मात्र शेजारी कोणीतरी उभे हवे. ओट्याजवळ एका पायावर दहा सेकंद उभे राहा. मग सरळ रेषेत चालताना उजव्या खांद्यावरून मागे वळून पाहा. तोल जात असेल किंवा पाय भरकटत असेल, तर वाहतुकीत सायकल नको. अशा वेळी घरात स्थिर व्यायाम-सायकल चालवावी. जुन्या सायकलला तिच्या स्टँडवर उभी करून वर बसून पायडल मारणे टाळा, ती कलंडते.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, तसेच आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. सकाळची अर्ध्या तासाची फेरी आठवड्यातून पाच दिवस झाली, की पहिला आकडा पूर्ण होतो. वेग किती असावा? शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. एक मात्र ध्यानात ठेवा : सायकलवर शरीराचा भार सीट पेलते. त्यामुळे गुडघ्यांना आराम मिळतो, पण हाडांना जो भार हवा तो मिळत नाही. म्हणून सायकलच्या जोडीला चालणे हवेच.

घरच्यांसाठी

मुला-सुनांना, लेकी-जावयांना एक विनंती. ‘या वयात कशाला?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर नसते आणि त्यामुळे संवाद तेथेच तुटतो. त्याऐवजी सोबत दुकानात जा आणि ब्रेक लागतो का ते स्वतः पाहा. सायकल विचारल्याशिवाय भंगारात देणे आणि काळजीपोटी तिच्या टायरमधील हवा काढून ठेवणे, दोन्ही टाळा. त्यापेक्षा काही अटी दोन्ही बाजूंनी ठरवून घ्या : हेल्मेट असेल, खिशात फोन आणि नाव-रक्तगट-औषधांची चिठ्ठी असेल, वाट ठरलेली असेल आणि परतण्याची वेळही. मधुमेह असल्यास खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असतील आणि पडून डोक्याला मार लागला, तर वरवर काही दिसत नसले, दुखत नसले, तरी त्याच दिवशी, लगेच रुग्णालयात न्या. आणि ज्यांना ओळखीची वाटही चुकू लागली आहे, त्यांना एकटे पाठवू नका.

कोठे जावे, केव्हा जावे

सुरुवात पुलापासून करू नका. पहिले आठ-दहा दिवस घराजवळच्या गल्लीत किंवा मैदानाच्या कडेने फक्त थांबणे, निघणे आणि वळणे यांचा सराव करा. त्यानंतर ठाणेकरांनी उपवन तलावाच्या बाजूची वाट धरावी. तलावपाळी मात्र गर्दी जागी होण्याआधीच. डोंबिवलीत फडके रोड आणि स्टेशन परिसर सायकलसाठी फक्त पहाट संपता संपता बरा असतो, कामाचा दिवस सुरू झाला की नाही. कल्याणात काळा तलावाचा परिसर सपाट आणि ओळखीचा आहे. येऊरला जायचेच असेल, तर पुरते उजाडल्यावर आणि सोबतीने जा. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून तेथे बिबट्यांचा वावर आहे. पावसाळ्यात रंगवलेल्या पट्ट्या, लोखंडी झाकणे आणि शेवाळलेला रस्ता यांवर ब्रेक दाबू नका, वेग आधीच कमी करा. हँडलच्या उजव्या बाजूला आरसा आणि मागे लाल दिवा या दोन स्वस्त वस्तू कोणत्याही महाग चाकापेक्षा अधिक कामाच्या आहेत.

आणि पूल समोर आला, श्वास लागू लागला, तर हलक्या गिअरहूनही हलका असा एक उपाय सर्व सायकलींना मुळापासून दिलेला असतो : डावीकडे कडेला थांबून खाली उतरावे आणि सायकल हातात धरून चालत पूल चढावा. माथ्यावर पोहोचल्यावर दोन मिनिटे उभे राहावे. कोपर पुलावरून खाली लोकल जाताना दिसते, पत्री पुलावरून रुळांचे जाळे दिसते. श्वास जागेवर आला, ब्रेक एकदा दाबून पाहिला, की मग पुन्हा बसावे आणि सावकाश उतरावे.